फाट्यावरची पाटी

माझ्या ओळखीचे एक शिक्षक तालुक्याच्या गावी शिकवतात. त्यांच्या शाळेत संगणकांसाठी नवी खोली झाली. बारा संगणक, नवी टेबले, खिडक्यांना जाळ्या. जुन्या इमारतीत ऑफिसशेजारी एक मोठा संगणक आधीपासून होता. धड्यांच्या चित्रफिती, नकाशे, जुन्या प्रश्नपत्रिका असे बरेच काही त्यात साठवलेले होते. नव्या खोलीतल्या मुलांना तो साठा आपापल्या जागेवरून पाहता यावा, एवढीच अपेक्षा. दोन्ही इमारतींतली संगणकांची जाळी वेगवेगळी होती. ती जोडण्यासाठी एक जुना संगणक मध्ये ठेवला आणि त्यात दोन नेटवर्क कार्डे बसवली. एका कार्डाची तार नव्या खोलीकडे, दुसऱ्याची ऑफिसकडे.

आणि काही चालेना. मधल्या संगणकावर बसले की धडे दिसत, इंटरनेट मात्र कधी चाले, कधी नाही. मुलांच्या संगणकांवरून मधला संगणक सापडे, धडे मात्र दिसत नसत. जोडणी करणारा माणूस तीनदा येऊन गेला. एकदा त्याने तार बदलली, एकदा कार्ड बदलले आणि तिसऱ्यांदा 'संगणकच जुना आहे, नवा घ्या' असे सांगून गेला. नव्या संगणकासाठी शाळेकडे पैसे नव्हते. दीड महिना खोलीला कुलूप राहिले, आणि शिक्षकखोलीत 'सरांना यातले काही कळत नाही' अशी कुजबुज सुरू झाली.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघे तिथे बसलो. तारा ठीक होत्या, कार्डे ठीक होती. बिघाड कोणत्याच वस्तूत नव्हता. तो होता रस्ते सांगणाऱ्या पाट्यांमध्ये, आणि एक नव्हे तर तीन ठिकाणी. पुढे वाचताना ध्यानात आले की या चुका काही त्या शाळेच्या खास नव्हेत. संगणकांची जाळी एकमेकांना जोडायला सुरुवात झाली तेव्हापासून त्या होत आल्या आहेत, आणि प्रत्येकीमागे इतिहासाचे एक पान आहे. ती पाने आपण ओळीने पाहू.

पूर्ण रस्ता कोणालाच माहीत नसतो

अनोळखी गावी जायचे दोन प्रकार असतात. घरून निघतानाच सगळा रस्ता कागदावर लिहून घ्यायचा, हा एक. दुसरा म्हणजे नुसते गावाचे नाव लक्षात ठेवून निघायचे आणि प्रत्येक फाट्यावरची पाटी वाचून पुढची वाट धरायची.

संगणकांच्या जगात दोन्ही प्रकार होऊन गेले. यूयूसीपी नावाच्या पद्धतीत पत्राच्या पत्त्यातच वाटेतल्या सर्व संगणकांची नावे ओळीने, मध्ये उद्गारचिन्हे घालून लिहावी लागत. मधल्या एका संगणकाचे नाव बदलले तरी पत्र अडकून पडे. १९८६-८७ च्या सुमारास मुंबईत जुहूची एनसीएसटी ही संस्था आणि पवईची आयआयटी यांच्यात फोनच्या तारेवरून ई-मेल सुरू झाली ती या यूयूसीपीच्याच आधाराने.

दुसरा प्रकार त्याआधीच अमेरिकेत रुजला होता. तिथल्या संरक्षण खात्याच्या मदतीने १९६९ साली 'आर्पानेट' हे जाळे उभे राहिले. वर्षअखेरीस त्याची ठाणी चारच होती. प्रत्येक ठाण्यावर 'इम्प' नावाचे, फ्रीजएवढे एक यंत्र असे. लांब मजकुराचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याचे पत्ता लिहिलेले पाकीट करायचे आणि ती पाकिटे एका इम्पकडून दुसऱ्याकडे सरकवायची, अशी ती व्यवस्था. इम्पला पूर्ण रस्ता ठाऊक नसे. 'अमुक ठिकाणची पाकिटे या शेजाऱ्याकडे द्यायची' एवढाच तक्ता त्याच्याजवळ असे. तो तक्ता इम्प स्वतःच बनवत. आपल्यापासून कोणते ठिकाण किती दूर आहे हे प्रत्येक इम्प शेजाऱ्यांना सतत कळवत राही आणि शेजारी त्यावरून आपापले तक्ते सुधारत.

ही पद्धत सोयीची, पण शेजाऱ्याच्या शब्दावर विसंबणारी. सत्तरच्या दशकात हार्वर्ड विद्यापीठातल्या इम्पची स्मृती बिघडली, आणि 'माझ्यापासून सर्व ठिकाणे शून्य अंतरावर आहेत' असे ते शेजाऱ्यांना सांगू लागले. शेजाऱ्यांना ते खरे वाटले, त्यांच्या शेजाऱ्यांनाही वाटले. बघता बघता साऱ्या जाळ्यातली पाकिटे हार्वर्डकडे धावू लागली आणि तिथे नाहीशी होऊ लागली. बिघडले होते एक यंत्र, पण ठप्प झाले सारे जाळे.

पुढे प्रश्न आला तो वेगवेगळी जाळी जोडण्याचा. आर्पानेट तारांवर चाले. रेडिओवर चालणारे जाळे वेगळे, उपग्रहाचे आणखी वेगळे. १९७४ च्या मे महिन्यात व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी यावर एक निबंध प्रसिद्ध केला. दोन जाळ्यांच्या सीमेवर एक संगणक उभा करावा, त्याचा एक पाय या जाळ्यात आणि एक त्या जाळ्यात असावा, अशी त्यांची कल्पना होती. या संगणकाला त्यांनी 'गेटवे' म्हटले. १९७७ च्या २२ नोव्हेंबरला कॅलिफोर्नियात रस्त्यावर धावणाऱ्या एका व्हॅनमधून निघालेली पाकिटे रेडिओ, आर्पानेट आणि उपग्रह अशा तीन जाळ्यांतून, युरोपला वळसा घालून, पुन्हा कॅलिफोर्नियातल्याच दुसऱ्या संगणकापर्यंत पोचली. आपल्या शाळेतला तो दोन कार्डांचा जुना संगणक या गेटवेंचाच वंशज म्हणायचा.

पहिली चूक : दोन 'इतर सर्व'

१९८३ साली बर्कलेच्या विद्यापीठाने युनिक्स या प्रणालीची ४.२ ही आवृत्ती काढली. तिच्यात मार्गांचा तक्ता होता, आणि त्यात हाताने ओळ घालण्यासाठी 'राऊट' नावाची आज्ञा होती. त्यामुळे गेटवेसाठी खास यंत्रच पाहिजे असे राहिले नाही. साध्या संगणकात दोन कार्डे बसवली, तक्त्यात चार ओळी लिहिल्या की काम होऊ लागले. अशा हाताने लिहिलेल्या ओळीला 'स्टॅटिक राऊट', म्हणजे स्थिर मार्ग म्हणतात.

स्थिर मार्ग म्हणजे फाट्यावर रंगवून ठेवलेली पाटी. ती हार्वर्डच्या इम्पसारखी कोणाचे ऐकून बदलत नाही, हा तिचा गुण. पण पुढचा पूल वाहून गेला तरी ती पूर्वीचीच दिशा दाखवत राहते, हा तिचा दोष. दोन-चार जाळ्यांच्या शाळेला मात्र ती पुरेशी असते.

पाट्या वाचण्याचा नियम सोपा आहे. संगणक आधी नेमके नाव असलेली पाटी शोधतो. ज्या जाळ्याला आपली तार थेट जोडलेली आहे त्याची पाटी तो स्वतःच लावून घेतो. कुठेच नाव सापडले नाही, तर शेवटी 'इतर सर्व गावांकडे' अशी एक पाटी असते, तिच्यामागे जातो. हिलाच 'डिफॉल्ट गेटवे' म्हणतात.

शाळेतली पहिली चूक इथे होती. ऑफिसच्या जाळ्यातले पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होत आणि नव्या खोलीतले १९२.१६८.१० ने. मधल्या संगणकाच्या ऑफिसकडच्या कार्डाचा पत्ता १९२.१६८.१.५ आणि खोलीकडच्या कार्डाचा १९२.१६८.१०.१. जोडणी करणाऱ्याने दोन्ही कार्डांच्या अर्जात डिफॉल्ट गेटवेचा रकाना भरून टाकला होता. ऑफिसच्या बाजूला त्याने इंटरनेटच्या यंत्राचा पत्ता दिला होता, ते बरोबर. खोलीच्या बाजूला मात्र ज्यावर कोणीच नाही असा एक पत्ता लिहिला होता. म्हणजे एकाच फाट्यावर 'इतर सर्व गावांकडे' अशा दोन पाट्या, दोन उलट दिशांना! इंटरनेट कधी चालते, कधी नाही, याचे मूळ हेच होते. तक्त्यात दोन्ही ओळी एकाखाली एक स्पष्ट दिसत होत्या. आम्ही खोलीकडचा रकाना कोरा केला. समोर रकाना दिसला की तो भरलाच पाहिजे असे नसते. संगणकात कार्डे कितीही असोत, साध्या मांडणीत 'इतर सर्व'ची पाटी एकच हवी.

दुसरी चूक : बंद ठेवलेले फाटक

मुलांच्या संगणकांवरून मात्र अजूनही धडे दिसेनात. एक गोष्ट आणखी गोंधळात टाकणारी होती. मुलांच्या संगणकावरून मधल्या संगणकाच्या ऑफिसकडच्या कार्डाला, म्हणजे १९२.१६८.१.५ ला हाक मारली, तर उत्तर येत होते. 'म्हणजे पलीकडे तर पोचलो की!' असे सर म्हणाले. तसे नव्हते. बऱ्याच प्रणालींत संगणक आपल्या कोणत्याही कार्डाच्या पत्त्यावर आलेली हाक स्वतःचीच समजतो, मग ती कोणत्याही दाराने येवो. घराच्या मागच्या दाराचे नाव घेऊन पुढच्या दारात हाक मारली तरी घरमालक 'ओ' देतोच. त्यावरून आपण घर ओलांडून मागे गेलो असे ठरत नाही.

मग ओलांडू का देत नव्हता? याचे उत्तर १९८९ च्या ऑक्टोबरमधल्या एका टिपणात आहे. इंटरनेटचे नियम 'आर.एफ.सी.' नावाच्या टिपणांतून ठरत आले आहेत. रॉबर्ट ब्रेडन यांनी संपादित केलेले ११२२ क्रमांकाचे टिपण साध्या संगणकांनी कसे वागावे याविषयी आहे. दुसऱ्याची पाकिटे पुढे सरकवण्याची सोय संगणकात असली, तर तिला बंद-चालू करण्याचा स्वीच असावा आणि तो मुळात बंद असावा, असे त्यात बजावले आहे. दोन कार्डे दिसली म्हणून संगणकाने आपण होऊन गेटवे बनू नये. तिथे दिलेले कारण मोठे माणसाळलेले आहे: तो संगणक चालवणाऱ्याला ही सेवा द्यायचीच नसेल, किंवा ती नीट देण्याइतकी त्याची तयारी नसेल.

गेटवे होणे ही जबाबदारी आहे, ती कोणीतरी समजून-उमजून घ्यावी, असा याचा अर्थ. शाळेत तो स्वीच कोणी चालू केलाच नव्हता. प्रणालीतली एक संख्या शून्याची एक केली आणि फाटक उघडले.

तिसरी चूक : परतीची पाटी

आता नक्की चालणार, अशा खात्रीने आम्ही मुलांच्या संगणकावर बसलो. धडे नाहीतच. हाका मारल्या, उत्तर नाही.

या हाकेचीही एक गोष्ट आहे. १९८१ च्या सप्टेंबरातल्या एका टिपणात ठरले होते की विशिष्ट प्रकारचे 'प्रतिध्वनी' पाकीट आले की ते मिळालेल्या संगणकाने जसेच्या तसे परत पाठवावे. १९८३ च्या डिसेंबरात अमेरिकी सैन्याच्या मेरीलँडमधल्या प्रयोगशाळेत माइक म्यूस यांच्या जाळ्यात काहीतरी विचित्र घडत होते. डेव्हिड मिल्स यांनी अशी पाकिटे वापरून जाण्यायेण्याचा वेळ मोजल्याचे त्यांनी ऐकले होते. ते आठवून त्यांनी थोडक्या वेळात सुमारे हजार ओळींचा एक प्रोग्राम लिहिला. पाणबुडी शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्याला नाव दिले 'पिंग'. म्यूस यांनी पुढे एक किस्सा नोंदवून ठेवला आहे. एका जाळ्यातली कुठलीतरी जोडणी सैल होती. तिथल्या माणसाने पिंगचे उत्तर आले की संगणक मोठ्याने 'पिंग' म्हणेल अशी व्यवस्था केली, आवाज वाढवला आणि इमारतभर फिरत एकेक जोडणी हलवून पाहिली. आवाज थांबला तिथे दोष.

पण पिंगची एक मर्यादा आहे, आणि म्यूस यांच्या सोनारचीही तीच आहे. प्रतिध्वनी आला तर जाणे आणि येणे दोन्ही ठीक असे कळते. आला नाही, तर हाक पोचली नाही की उत्तर परतले नाही, हे मात्र कळत नाही.

१९८७-८८ च्या सुमारास बर्कलेत व्हॅन जेकबसन यांनी 'ट्रेसरूट' लिहिला, तो वाटेतली ठाणी दाखवणारा. प्रत्येक पाकिटावर ते किती ठाणी ओलांडू शकते याचा आकडा असतो. प्रत्येक गेटवे तो एकाने कमी करतो. शून्य झाला की पाकीट टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला तसे कळवतो. पाकिटे रस्ता चुकून कायम फिरत राहू नयेत म्हणून ही योजना. जेकबसन यांनी मुद्दाम आधी एक, मग दोन, मग तीन असे आकडे घालून पाकिटे पाठवली, आणि 'टाकून दिले' असे कळवणाऱ्यांच्या पत्त्यांवरून वाट उलगडली. आमच्या ट्रेसरूटने पहिल्या ओळीत मधल्या संगणकाचा पत्ता दाखवला. त्याच्या खाली नुसत्या फुल्या.

मग आम्ही मधल्या संगणकावर येणारी-जाणारी पाकिटे नुसती पाहणारा एक प्रोग्राम लावला. मुलांची हाक ऑफिसच्या कार्डातून बाहेर पडताना दिसली. उत्तर काही आले नाही. तोच प्रोग्राम धड्यांच्या संगणकावर लावला. हाक तिथे पोचत होती, आणि तो उत्तरही देत होता! फक्त भलत्याच दिशेला.

का, ते पाहा. हाक आली होती १९२.१६८.१० च्या जाळ्यातून. त्या जाळ्याची पाटी धड्यांच्या संगणकाकडे नव्हती. म्हणून तो 'इतर सर्व'च्या पाटीमागे गेला आणि उत्तर इंटरनेटच्या यंत्राकडे दिले. त्या यंत्रालाही नवी खोली ठाऊक नव्हती. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते १९९६ सालच्या एका टिपणाने खाजगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. ते घरातल्या टोपणनावांसारखे. बंडू आणि ताई घरोघरी असतात, पोस्टमनला त्या नावांवरून घर कसे सापडणार? उत्तर बाहेरच्या वाटेवर कुठेतरी हरवत होते. मधल्या संगणकावरून धडे का दिसत, तेही आता उलगडले. त्याचा स्वतःचा पत्ता ऑफिसच्याच जाळ्यातला होता, त्यामुळे त्याला उत्तर द्यायला पाटीची गरजच नव्हती.

उपाय एका ओळीचा होता. धड्यांच्या संगणकाला सांगितले: १९२.१६८.१० च्या जाळ्याकडे जायचे असेल तर १९२.१६८.१.५ कडे दे. ओळ लिहून होते न होते तोच मुलांच्या संगणकावर धड्यांची यादी उमटली. ज्या संगणकात ही ओळ कमी होती, त्याला दीड महिन्यात कोणी हातही लावला नव्हता. कारण तो 'चालत' होता.

पाटी पुसली जाते

सोमवारी खोलीचे कुलूप निघाले. बुधवारी वीज गेली, आणि परत आली तेव्हा सगळे पुन्हा बंद! आज्ञेने लिहिलेली पाटी आणि उघडलेले फाटक दोन्ही संगणकाच्या चालत्या स्मृतीत असतात. संगणक नव्याने सुरू झाला की स्वीच पुन्हा मूळच्या 'बंद'वर जातो. दोन्ही गोष्टी कायमच्या नोंदीत लिहिल्या तेव्हा प्रश्न मिटला. या वेळी सरांनी तो एकट्याने, वीस मिनिटांत सोडवला.

पुढच्या तासाला त्यांनी हाच इतिहास वर्गात खेळून घेतला. तुम्हीही घेऊन पाहा. मुलांचे दोन गट करा आणि मध्ये एका मुलीला उभी करा. प्रत्येकाच्या हातात फक्त स्वतःच्या पाट्यांचा कागद. दुसऱ्याचा पाहायचा नाही. पाकिटावर 'कोणाकडून' आणि 'कोणाला' लिहायचे. पाकीट हाती येईल त्याने आपला कागद वाचून ते पुढच्याला द्यायचे, एवढेच. आधी चिठ्ठी सुखरूप जाऊन येऊ द्या. मग पलीकडच्या एकाच मुलाच्या कागदावरची परतीची ओळ गुपचूप खोडा. चिठ्ठी पाठवणाऱ्या मुलाला विचारा, 'तुझे पाकीट पोचले का?' तो ठामपणे 'नाही' म्हणेल, आणि पलीकडचा गट ओरडून सांगेल की पोचले, आम्ही उत्तरसुद्धा दिले.

त्या वर्गात एका मुलीने विचारले, 'मग चूक नक्की कुणाची?' सरांनी उत्तर न देता तिला सगळ्यांचे कागद गोळा करून शेजारी शेजारी मांडायला सांगितले. खोडलेली ओळ तिला लगेच सापडली.

आता मधल्या संगणकाच्या खोक्यावर एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर तिन्ही पाट्या, त्या लावल्याची तारीख आणि सरांची सही आहे. खाली लाल शाईत लिहिले आहे: 'काही बदललेत तर इथे लिहा. जाण्याची वाट पाहिलीत, तशी येण्याचीही पाहा.'